पायरेटेड सिनेमा बघणं आणि पायरेटेड गेम खेळणं: कायद्यात फरक काय आहे?

नागपुरात नवा पीसी घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची पावलं बर्डीकडे वळतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यावर तासभर घासाघीस होते, मशीन असेंबल होतं, विंडोज टाकली जाते आणि शेवटी दुकानातला मुलगा विचारतो, "भाऊ, गेम कोणते टाकून देऊ?"

हा प्रश्न ऐकतच आमची पिढी मोठी झाली. आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा व्हाइस सिटी, आयजीआय आणि मोस्ट वॉन्टेड हे तिन्ही गेम डेस्कटॉपवर आधीच होते. मला कित्येक वर्षं वाटायचं की ते विंडोजसोबतच येतात, सॉलिटेअरसारखे. त्यांचे पैसे द्यायचे असतात हे कळलं तोवर तिन्ही खेळून संपले होते.

आज क्रॅक, रिपॅक, ऑफलाइन ॲक्टिव्हेशन, स्वस्तातली की असे बरेच रस्ते आहेत. त्यावर कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं असतं, "अरे, डाउनलोड करणाऱ्याला काही होत नाही, विकणाऱ्याला पकडतात." हे उत्तर सिनेमाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. गेमच्या बाबतीत नाही.

'तीन वर्षं कैद' वाला तो मेसेज

ऑगस्ट २०१६ मध्ये ब्लॉक केलेली साइट उघडली की एक मेसेज दिसायला लागला होता. या लिंकवरचा मजकूर बघणं, डाउनलोड करणं, दाखवणं किंवा त्याची कॉपी करणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असं त्यात लिहिलेलं. सोशल मीडियावर धुमाकूळ झाला. नुसतं बघितलं तरी जेल?

हा मेसेज आला होता मुंबई उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणातून. 'ढिशूम' सिनेमाच्या निर्मात्यांनी पायरेटेड लिंक ब्लॉक करण्याची मागणी केली होती. नंतर त्याच प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मेसेजमधलं 'बघणं गुन्हा आहे' हे वाक्य चुकीचं असल्याचं स्पष्ट केलं आणि मजकूर बदलायला सांगितला. गुन्हा आहे तो परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

ही बातमी व्हायरल झाली आणि लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं: वापरणारा सेफ आहे. पण न्यायालय बोलत होतं सिनेमाबद्दल. त्या मेसेजमध्ये कॉपीराइट कायद्याची ६३, ६३-अ, ६५ आणि ६५-अ ही कलमं दिलेली होती. मधलं ६३-ब नव्हतं. सिनेमासाठी त्याची गरजच नव्हती, कारण ते फक्त कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी आहे. आणि गेम हा कॉम्प्युटर प्रोग्राम आहे.

कलम ६३-ब म्हणतं काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि हे कलम आलं. त्याचा साधा अर्थ असा: प्रोग्रामची बेकायदा कॉपी आहे हे माहीत असताना जो ती कॉम्प्युटरवर वापरतो, त्याला कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, सोबत ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

इथे विकणं, वाटणं, पैसे कमावणं याची अट नाही. नुसता वापर पुरेसा आहे. फक्त तो जाणूनबुजून केलेला हवा. सहावीतल्या मुलाच्या पीसीवर दुकानदाराने न सांगता गेम टाकून दिला, तर त्या मुलाला ते 'माहीत होतं' असं म्हणता येणं कठीण. पण अँटीव्हायरस बंद करून, क्रॅकच्या फोल्डरमधली फाइल स्वतःच्या हाताने पेस्ट करणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणायला फारशी जागा उरत नाही.

याच कलमात पुढे एक सवलत आहे. प्रोग्राम कमाईसाठी किंवा धंद्यात वापरलेला नसेल, तर न्यायालय निकालात खास कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि फक्त ५० हजारांपर्यंतचा दंड लावू शकतं. म्हणजे घरी बसून खेळणारा आणि धंदा करणारा यांना कायदा एका मापात मोजत नाही. पण सवलत शिक्षेत आहे, गुन्ह्यात नाही. शिवाय ती आपोआप मिळत नाही, न्यायाधीशांना ती द्यावी लागते.

टॉरेंट वापरत असाल तर अजून एक गोष्ट आहे. टॉरेंटमध्ये तुम्ही फाइल उतरवत असताना तिचे तुकडे तुमच्याकडून इतरांकडे जात असतात. त्याची रचनाच तशी आहे. म्हणजे 'मी फक्त घेतलं, दिलं नाही' हा बचाव तांत्रिकदृष्ट्याच टिकत नाही, आणि गोष्ट कलम ६३ कडे सरकते. तिथे शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आहे, दंड ५० हजार ते २ लाख. कमाईचा हेतू नसेल तर न्यायालय इथेही शिक्षा कमी करू शकतं.

कलम ६३ चा गुन्हा जामीनपात्र आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. वेगवेगळी उच्च न्यायालयं वेगवेगळं सांगत होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो अजामीनपात्र असल्याचं म्हटलं. सिव्हिल लाइन्समधलं नागपूर खंडपीठ याच न्यायालयाचा भाग आहे. मग २० मे २०२२ रोजी 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीची वाट न बघता तपास सुरू करू शकतात, अटक करू शकतात, आणि जामीन हा हक्क म्हणून मिळत नाही.

आता खरं सांगायचं तर, पोलीस तुमच्या बेडरूममध्ये येऊन जीटीए शोधणार नाहीत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये बौद्धिक संपदा गुन्ह्यांसाठी खास युनिट उभं केलं, त्याचाही भर सिनेमा, टीव्ही आणि ओटीटीच्या चोरीवर राहिला. पण गेमिंग कॅफे चालवणाऱ्याने मात्र एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

कॅफेवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा

तासाला अमुक रुपये घेऊन दहा-पंधरा पीसींवर गेम खेळू देणं हा सरळसरळ धंदा आहे. त्यातला एक जरी गेम क्रॅक केलेला असेल तर ६३-ब मधली घरगुती सवलत लागूच होत नाही. किमान ७ दिवसांची कैद तिथे खरोखरची किमान आहे. बरं, गेम पायरेटेड आहे हे मालकाला माहीत नव्हतं, असं कोण मानणार?

बऱ्याच जणांना हेही माहीत नसतं की ओरिजिनल गेम विकत घेऊन कॅफेत लावला तरी काम पूर्ण होत नाही. स्टीमवर आपण जो करार 'आय ॲग्री' म्हणून न वाचता मान्य करतो, तो वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक वापराचा असतो. कॅफेसाठी स्टीमची वेगळी 'पीसी कॅफे' योजना आहे, त्यात व्यावसायिक लायसन्स मिळतात. छोट्या शहरातला तरुण कर्ज काढून कॅफे टाकतो, भाडं-लाइटबिल-एसीचा हिशेब करतो, पण लायसन्सची ओळ त्या हिशेबात नसते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारखे फुकट गेम चालतात म्हणून बरेच कॅफे यातून वाचतात. फुटबॉल आणि रेसिंगच्या विकतच्या गेमपाशी गाडी अडते.

कुलूप, चावी आणि 'ऑफलाइन ॲक्टिव्हेशन'

क्रॅक म्हणजे नेमकं काय? गेम सुरू होताना तो विचारतो, "याच्याकडे लायसन्स आहे का?" क्रॅक करणारे गेमच्या मुख्य फाइलमध्ये फेरफार करतात, म्हणजे हा प्रश्न विचारलाच जात नाही किंवा उत्तर कायम 'हो' येतं. रिपॅक म्हणजे तोच क्रॅक केलेला गेम दाबून दाबून लहान केलेला. ज्या काळी डेटा तोलूनमापून वापरावा लागायचा त्या काळी रिपॅकला भलतीच किंमत होती. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फ्री असायचं. दोनचा अलार्म लावून उठलेले लोक आज तिशीत आहेत.

कुलूपही मजबूत होत गेलं. सध्याचं सगळ्यात बदनाम कुलूप म्हणजे डेनुवो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये तयार झालं, २०१४ च्या फिफा १५ पासून वापरात आलं. ते गेम आणि तुमच्या मशीनचं हार्डवेअर यांची गाठ बांधतं. मशीन बदललं की नव्याने परवानगी घ्या. काही गेम यामुळे महिनोन्महिने क्रॅक होत नाहीत.

मग जुगाड आला. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर 'ऑफलाइन ॲक्टिव्हेशन'च्या जाहिराती दिसतात: तीन-चार हजारांचा गेम काहीशे रुपयांत, 'शंभर टक्के जेन्युइन'. प्रत्यक्षात विकणाऱ्याने गेमची एकच कॉपी घेतलेली असते. त्याच अकाउंटवरून तो एकामागून एक गिऱ्हाइकाच्या मशीनवर गेम चालू करून देतो आणि पुन्हा ऑनलाइन जाऊ नका म्हणून बजावतो. डेनुवोमध्ये दिवसाला पाचच्या आसपास मशीनची मर्यादा असते, म्हणून "तुमचा नंबर उद्या" असं उत्तर मिळतं. अपडेट आलं किंवा हार्डवेअर बदललं की गेम बंद. विकणाऱ्याने ब्लॉक केलं की पैसेही गेले, आणि तक्रार कुठे करणार? गेम कंपनीच्या दृष्टीने तुम्ही गिऱ्हाईकच नाही.

स्वस्तातल्या 'की'चंही तसंच. काही की सेलमध्ये घेतलेल्या असतात, काही चोरीच्या क्रेडिट कार्डावर. कार्डाचा मालक बँकेकडे तक्रार करतो, बँक पैसे परत घेते आणि फटका बसतो गेम बनवणाऱ्याला. 'फॅक्टोरिओ' हा गेम बनवणाऱ्या झेक कंपनीने असा आरोप केला होता. २०२० मध्ये जी-टू-ए या की विकणाऱ्या बाजाराने १९८ की चोरीच्या होत्या हे मान्य केलं आणि जवळपास ४० हजार डॉलर भरपाई दिली. त्याआधी २०१९ मध्ये माइक रोज नावाच्या एका ब्रिटिश प्रकाशकाने तर सांगूनच टाकलं होतं की तिथून घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट करा.

व्हीपीएन लावून तुर्कीच्या किंवा अर्जेंटिनाच्या भावात गेम घेण्याची पळवाटही होती. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलर आणला. आपण स्वस्तात दोन-चार गेम मारले, आणि भाववाढ सोसली तिथल्या खऱ्या खेळाडूंनी.

फुकटची किंमत

क्रॅकसोबतची पहिली सूचना असते, "अँटीव्हायरस बंद करा." कारण क्रॅक आणि व्हायरस दोघंही दुसऱ्या प्रोग्राममध्ये ढवळाढवळ करतात, म्हणून अँटीव्हायरस दोघांवरही भुंकतो. त्यामुळे 'हा खोटा अलार्म आहे' हे वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं. घरी बसलेल्या माणसाला ते ओळखता येत नाही.

३१ डिसेंबर २०२४ ला जग पार्टीत असताना कॅस्परस्की कंपनीला एक मोहीम दिसली. बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड, डायसन स्फिअर प्रोग्राम अशा गेमच्या रिपॅकमध्ये क्रिप्टो मायनर लपवलेला होता. हे रिपॅक टॉरेंटवर सप्टेंबरपासूनच पडून होते. मायनर आठ किंवा जास्त कोअरचा प्रोसेसर असेल तरच चालू व्हायचा. म्हणजे त्यांना हवा होता तुमचा महागडा गेमिंग पीसीच. फॅन विनाकारण गरगरतोय, लाइटबिल वाढलंय, आणि नागपूरच्या मे महिन्यात प्रोसेसर ४५ डिग्रीच्या खोलीत तापतोय दुसऱ्याच्या कमाईसाठी.

त्याहून वाईट म्हणजे स्टॉप/डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर. ते प्रामुख्याने क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. सगळे फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं लॉक आणि मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिले तर निम्मे. ज्याने तीन हजार वाचवायला क्रॅक घेतला त्याच्यापुढे हे बिल येतं. तिसरा प्रकार आवाज न करता काम करतो: ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलून नेणारा. ज्या पीसीवर मुलगा गेम खेळतो त्याच पीसीवर वडील नेट बँकिंग करतात, हे चित्र किती घरांत आहे ते तुम्हीच बघा.

अधिकृत दुकान शंभर टक्के सुरक्षित असतं असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमवरच्याच 'पायरेटफाय' या गेममध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम निघाला. फरक इतकाच की तिथे गेम काढून टाकणारं आणि डाउनलोड केलेल्यांना कळवणारं कुणीतरी होतं.

मग लोक विकत का घेत नाहीत?

पैसा हे एक कारण. सायबरपंक २०७७ आला तेव्हा भारतात पीसीवर त्याची किंमत २,९९९ रुपये होती. होस्टेलच्या मेसचं महिन्याचं बिल त्याच्या आसपास असतं. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातल्या पीसींवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनालायसन्स होतं, जगाची सरासरी ३७ टक्के. हा आकडा एकूण सॉफ्टवेअरचा आहे, फक्त गेमचा नाही, आणि देणारे स्वतः विक्रेते आहेत हेही लक्षात ठेवायचं.

पण पैसा हेच एकमेव कारण नव्हतं. २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत स्टीमवर रुपयात किमतीच नव्हत्या. डॉलरमध्ये पैसे भरायला इंटरनॅशनल कार्ड लागायचं, ते कॉलेजच्या पोराकडे कुठून येणार? जिओ २०१६ मध्ये आलं, यूपीआयही त्याच वर्षी. त्याआधी प्रामाणिक माणसालाही ओरिजिनल गेम मिळवणं पायरेटेडपेक्षा अवघड होतं. स्टीमचे मालक गेब न्यूवेल २०११ पासून हेच सांगत आलेत की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. आपल्याकडचा अनुभव त्यांच्या बाजूने जातो असं मला वाटतं.

कुलूप लावलं की विक्री वाढते का, यावर विल्यम वोल्कमन या संशोधकाने डेनुवो असलेले ८६ गेम तपासले. गेम पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला तर कमाईत सुमारे २० टक्के घट दिसली. बारा आठवड्यांनी क्रॅक झाला तर जवळपास काहीच नाही. म्हणजे नुकसान खरं आहे, पण ते सुरुवातीच्या दिवसांत. आणि तेच दिवस छोट्या स्टुडिओला जगवतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. 'राजी' या त्यांच्या गेमची किकस्टार्टर मोहीम फसली, तरी टीम टिकली. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. अशा टीमकडे दुसरे दहा गेम नसतात तोटा भरून काढायला.

उलट सायबरपंकचे निर्माते आपले गेम जीओजी या दुकानात कुठलंही कुलूप न लावता विकतात. तरी सायबरपंकच्या ३ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

आणि विकत घेतलेला गेम तरी तुमचा असतो का?

इथे गेम कंपन्यांची बाजू लंगडी पडते. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले. पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना, वर लोकांची लायसन्सही काढून घेतली. कॅलिफोर्नियाने मग कायदाच केला की डिजिटल वस्तू विकताना 'तुम्ही लायसन्स घेताय, मालकी नाही' हे स्पष्ट सांगा. त्यानंतर स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ दिसू लागली.

आपल्या लाडक्या २००५ च्या मोस्ट वॉन्टेडची गत बघा. तो आज कुठल्याही अधिकृत ऑनलाइन दुकानात मिळत नाही. जुनी ओरिजिनल डिस्क असेल तरी उपयोग नाही, कारण तिच्यावर सेफडिस्क नावाचं कुलूप आहे आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने त्याचा आधार काढून घेतला. पैसे मोजलेला माणूसच बाहेर राहिला.

अशा माणसाबद्दल भारतीय कायदा अमेरिकेपेक्षा मवाळ आहे. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५-अ म्हणतं की कुलूप तोडणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलेलं असेल तर. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडलं तर सूट आहे. दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने मात्र त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायला हवी. कलम ५२ नुसार कायदेशीर कॉपी असणाऱ्याला तिचा बॅकअप ठेवता येतो. थोडक्यात, स्वतःची डिस्क चालवायला धडपडणारा आणि नवाकोरा गेम टॉरेंटवरून उतरवणारा यांना कायदा एकाच रांगेत उभं करत नाही.

राहिला प्रश्न "आधी खेळून बघतो, आवडला तर घेतो" याचा. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. एपिक स्टोअर वरचेवर गेम फुकट देतं, मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर जीटीए ५ च दिला होता. सेलमध्ये जुने मोठे गेम निम्म्याहून कमी किमतीत येतात. आणि क्रॅक टाकल्यानंतर खात्यातून पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. पीसी आधी इंटरनेटवरून काढा, दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.